ढगात शिरल्यावर कान खोटं सांगतात

धुक्यात विमान किंवा हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो. इंजिन चालू होतं, वैमानिक शिकलेला होता, मग सरळ डोंगरावर कसा गेला? समोरचं दिसत नव्हतं हे मान्य. पण आपण वर जातोय की खाली, सरळ आहोत की कलंडलोय, एवढं तर डोळे मिटूनही कळतं!

नाही कळत. जमिनीवर कळतं, म्हणून हवेतही कळेल असं आपल्याला वाटतं. विमान शोधणाऱ्यांनाही सुरुवातीची कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. ही समजूत किती महागात पडते ते १९३४ च्या हिवाळ्यात अमेरिकेत दिसलं. दुसरं महायुद्ध अजून पाच वर्षं दूर होतं, कुणी कुणावर गोळी झाडत नव्हतं, आणि तरीही लष्कराचे तरुण वैमानिक एकामागून एक मरत होते.

टपालाची पहिली पिशवी हलण्याआधी

९ फेब्रुवारी १९३४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टपाल नेणाऱ्या खासगी विमान कंपन्यांची कंत्राटं रद्द केली. कंत्राटांच्या वाटपात घोटाळा झाल्याचा आरोप होता. टपाल तर थांबवता येत नव्हतं, म्हणून ते काम लष्कराच्या हवाई शाखेकडे, म्हणजे तेव्हाच्या आर्मी एअर कोअरकडे दिलं गेलं. तयारीला मिळाले जेमतेम दहा दिवस.

मार्ग ओळखीचा व्हावा म्हणून सरावाची उड्डाणं सुरू झाली. १६ फेब्रुवारीला, टपालाची एकही पिशवी विमानात चढण्याआधी, दोन सराव विमानं पडली. एक युटा राज्यात, वेबर खिंडीच्या भागात, हिमवादळात. त्यात दोन लेफ्टनंट गेले. दुसरं आयडाहोमधल्या जेरोमजवळ, धुक्यात. त्यात एक गेला. युटात गेलेल्यांपैकी एक जण, जाँ ग्रेनिए, न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावचा. पुढे त्या गावाच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं गेलं.

मे अखेरपर्यंत लष्कराने टपाल वाहिलं. तेवढ्या काळात ६६ मोठे अपघात झाले आणि डझनभर माणसं गेली. मार्चमध्ये तर काही दिवस सेवाच थांबवावी लागली. पहिल्या महायुद्धात गाजलेला वैमानिक एडी रिकनबॅकर याने या सगळ्याला 'कायदेशीर खून' म्हटलं. तो स्वतः विमान कंपनीच्या बाजूचा होता, हे खरं. पण शब्द लोकांच्या मनात बसला.

ही मुलं अडाणी नव्हती. दिवसा, स्वच्छ हवेत विमानांची रांग धरून उडणं, बाँब टाकणं, यात ती तरबेज होती. मंदीमुळे लष्कराचा खर्च कापला गेला होता आणि रात्रीचं किंवा ढगातलं उडणं शिकवायला तास मिळत नव्हते. टपालाच्या कामावर नेमलेल्या २६२ वैमानिकांपैकी फक्त ३१ जणांना रात्रीच्या उड्डाणाचा ५० तासांचा अनुभव होता. बाहेर न बघता, फक्त यंत्रांवर नजर ठेवून ५० तास उडालेले किती? दोघे. त्या काळी पुष्कळ वैमानिक रेल्वेचे रूळ बघत बघत गावाहून गावाला जात. ढग खाली आले की तेही खाली येत, आणखी खाली येत, आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत. मग एका क्षणी रूळही दिसेनासे होत आणि सगळीकडे फक्त पांढरं उरे.

त्या पांढऱ्यात शरीराचं काय होतं, ते आता बघू.

फुगडी थांबल्यावर जग का फिरतं

आपला तोल सांभाळायला तीन साक्षीदार असतात. पहिले डोळे. दुसरं अंग: पाऊल, पाठ, बसायची जागा यांवर पडणारा भार. आणि तिसरा कान. ऐकायच्या भागाला लागूनच, कानाच्या आत, प्रत्येक बाजूला तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवाच्या हालचालीने वाकणारे केसासारखे सूक्ष्म तंतू असतात. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो, तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो: वळतोय.

एक तांब्या घ्या. पाण्याने भरा आणि वर तुळशीचं पान सोडा. आता तांब्या हळूहळू गोल फिरवा. तांब्या फिरतो, पान जागच्या जागी राहतं. तसंच फिरवत राहिलात तर थोड्या वेळाने पाणीही तांब्याबरोबर फिरू लागतं, पानही. आता तांब्या एकदम थांबवा. पान फिरतच राहतं.

कानातलं नेमकं हेच आहे. वळण सुरू होतं तेव्हा द्रव मागे राहतो, म्हणून वळण जाणवतं. एकाच वेगाने दहा-वीस सेकंद वळत राहिलं की द्रव नळीच्या वेगाला येऊन मिळतो, तंतू सरळ होतात, आणि मेंदूला कळतं की वळण थांबलं. खरं तर ते चालूच असतं. मग वळण खरोखर थांबवलं की द्रव पुढे जात राहतो, तंतू उलट्या बाजूला वाकतात आणि आपण विरुद्ध दिशेला फिरतोय असं वाटतं. फुगडी सोडल्यावर अंगण फिरतं ते यामुळेच. शिवाय वळण फारच हळू असेल, सेकंदाला दोन अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी, तर तंतू वाकल्याची दखलच घेतली जात नाही.

मी हे घरी करून पाहिलं. चाकाच्या खुर्चीत डोळ्यांवर रुमाल बांधून बसले आणि भाच्याला सांगितलं, हळू आणि एकसारखं फिरव, मी अंगठ्याने दिशा दाखवते. सुरुवातीला अंगठा बरोबर उजवीकडे गेला. थोड्या वेळाने मी अंगठा सरळ वर केला, म्हणजे आता थांबलो. भाचा म्हणाला, "मावशी, मी फिरवतोच आहे." मग त्याने खुर्ची धरून थांबवली आणि माझा अंगठा ताबडतोब डावीकडे गेला. मी शपथेवर सांगितलं असतं की मी डावीकडे फिरतेय. रुमाल काढला तर समोर कपाट, जागच्या जागी.

घरात रुमाल काढता येतो. ढगात डोळ्यांचा हा साक्षीदार गेलेला असतो आणि निकाल द्यायला उरतात कान आणि अंग.

मग कॉकपिटमध्ये ओळंबा का नाही टांगत?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते ओळंब्याने बघतो. विमानात एक दोरी टांगली, नाहीतर पेल्यात पाणी ठेवलं, तर कलंडलेलं कळायला नको का?

एसटीतून घाट उतरताना आठवा. बस वळली की आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, शेजारच्याच्या अंगावर जातो. आता सायकलवर तेच वळण घ्या. कुणी ढकलत नाही. कारण सायकल वळणाच्या आत झुकते आणि आपण तिच्याबरोबर झुकतो. वजन नेहमीसारखंच सीटवर पडतं. विमान सायकलसारखं वळतं. ते पंख झुकवून वळतं, आणि वळण नीट घेतलं असेल तर प्रवाशाला बाजूला ढकलल्याची जाणीव होत नाही, फक्त सीटवर थोडं जास्त दाबल्यासारखं होतं. पेल्यातलं पाणी तिरकं होत नाही. ओळंबाही विमानाच्या जमिनीशी काटकोनातच लटकतो, भले ती जमीन क्षितिजाशी चाळीस अंशांनी कललेली असो. ओळंबा खाली दाखवत नाही. तो आपल्यावरचा एकूण जोर कुठे आहे ते दाखवतो. जमिनीवर हे दोन्ही एकच असतं, म्हणून फरक कधी लक्षात येत नाही.

म्हणजे दुसरा साक्षीदारही फितूर झाला.

ज्या गिरकीतून सुटणं अवघड

आता तिन्ही गोष्टी जुळवून बघा. वैमानिक ढगात शिरतो. नकाशाकडे मान वळवतो तेवढ्यात डावा पंख किंचित खाली जातो, इतका हळू की कानाला पत्ता नाही. विमान डावीकडे वळू लागतं. पंख झुकला की विमानाला वर धरणारी ताकद थोडी वाया जाते, म्हणून नाक खाली येतं आणि वेग वाढतो. वाऱ्याचा आवाज वाढतो, उंचीचा काटा उतरू लागतो. आपण सरळ आहोत याची वैमानिकाला खात्री असते. मग त्याच्या मते एकच अर्थ निघतो, विमान नाक खाली करून सरळ उतरतंय. तो विमान चालवायचा दांडा पोटाशी ओढतो.

सरळ विमानात दांडा ओढला की नाक वर जातं. कललेल्या विमानात मात्र त्याने वळण आणखी आवळतं. वेग आणखी वाढतो, काटा आणखी उतरतो, तो आणखी ओढतो. वैमानिक याला 'ग्रेव्हयार्ड स्पायरल' म्हणतात, थेट कबरीकडे नेणारी गिरकी.

समजा त्याने यंत्राकडे पाहून पंख सरळ केले. तेव्हा तुळशीच्या पानाची गोष्ट पुन्हा घडते. विमान सरळ झालं, पण कान ओरडून सांगतात की आता उजवीकडे कलंडलास. हात आपसूक पुन्हा डावीकडे जातो. जे बरोबर केलं तेच चूक वाटतं आणि चूक केल्यावर बरं वाटतं. या सगळ्या फसगतीला वैद्यकात दिशाभ्रम म्हणतात. त्यात चक्कर येईलच, डोकं गरगरेलच असं नाही. पुष्कळदा असतो तो फक्त ठाम, शांत, चुकीचा विश्वास.

अनुभवी माणसाला हे कसं होईल?

कान अनुभवाने बदलत नाहीत. वीस वर्षं उडालेल्याच्या नळ्यांतला द्रवही तसाच वागतो. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २० वैमानिकांवर एक प्रयोग केला. सगळ्यांना विमान चालवता येत होतं, पण यंत्रांवर उडायचं शिक्षण नव्हतं. त्यांना ढगात शिरल्यासारख्या परिस्थितीत टाकलं आणि ताबा किती वेळ टिकतो ते मोजलं. विसांपैकी विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. चहाला उकळी यायला लागतो तेवढाही नाही.

आणि ही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. १२ डिसेंबर १९३६ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सात हेफर्ड बाँबर विमानं उत्तर आयर्लंडहून यॉर्कशायरकडे परतत होती. पेनाइन डोंगररांगेवर दाट धुकं आणि गोठवणारी थंडी लागली. तिथे पंखांवर बर्फ चढण्याचीही भर पडली. सातपैकी चार विमानं कोसळली किंवा वाटेतच उतरवावी लागली, तिघे गेले.

हे आधी कुणाला माहीत नव्हतं का?

माहीत होतं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

१९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर मेजर विल्यम ऑकर हा मुरलेला वैमानिक वैद्यकीय तपासणीला गेला. डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी त्याला डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसवलं आणि दिशा विचारली. माझ्या अंगठ्याचं झालं तेच त्याच्या उत्तरांचं झालं. ऑकरने ते मनाला लावून घेतलं. तो परत आला तो एक पेटी घेऊन, जिच्यात विमानातलं वळण दाखवणारं यंत्र बसवलं होतं. पेटीत डोकावून त्याने प्रत्येक वेळी खरी दिशा सांगितली. कानाने सांगितलेलं सोडून काट्याने दाखवलेलं धरायचं, एवढंच त्याने केलं होतं. पुढे त्याने कार्ल क्रेन या वैमानिकाबरोबर झाकलेल्या कॉकपिटमधून शेकडो मैल उडून दाखवलं.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी लष्करी वैमानिक जिमी डूलिटल याने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून आपला कॉकपिट पूर्ण झाकून घेऊन उड्डाण केलं, वळसा घातला आणि बाहेर एकदाही न बघता विमान उतरवलं. त्याच्याकडे स्पेरी कंपनीने बनवलेलं कृत्रिम क्षितिज होतं. हे यंत्र समजायला भोवरा आठवावा. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, तळहातावर घेऊन हात तिरका केला तरी तो उभाच राहतो. यंत्रात असाच एक भोवरा फिरत असतो. विमान कसंही कललं तरी तो आपली जागा धरून ठेवतो आणि तबकडीवरची आडवी रेघ खरं क्षितिज दाखवत राहते.

म्हणजे १९३४ च्या पाच वर्षं आधी उत्तर सापडलं होतं. लष्कराकडे यंत्रंही होती: ४६० कृत्रिम क्षितिजं आणि दिशा दाखवणारे २७४ जायरो, म्हणजे अशाच भोवऱ्यावर चालणारी यंत्रं. पण त्यांतली फार थोडी विमानात बसवलेली होती, बाकी कोठारात होती. फेब्रुवारीत ती घाईघाईने बसवली गेली, काही अशा जागी की वैमानिकाला धड दिसेनात. आणि यंत्र समोर असणं म्हणजे त्यावर विश्वास असणं नव्हे. सगळं अंग एक सांगत असताना चार बोटांच्या तबकडीचं ऐकायचं, ही गोष्ट वाचून येत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा फसावं लागतं, आणि फसूनही जिवंत राहता येईल अशी जागा लागते.

पेटीच्या भात्यावर उभं राहिलेलं विमान

ती जागा बनवली एका बाजा बनवणाऱ्याच्या मुलाने. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गन हवेवर चालतो. आपल्या पेटीचा भाता हाताने मारतात, तिथे मोठ्या भात्यांची आणि झडपांची यंत्रणा असते. त्या घरच्या एड लिंकला उडायचं वेड होतं आणि शिकवणीचा खर्च झेपत नव्हता. १९२७ ते १९२९ या काळात त्याने कारखान्याच्या तळघरात एक खोटं विमान बनवलं.

लाकडाची बुटकी पेटी, तिला आखूड पंख आणि शेपूट, आत एक बैठक, दांडा आणि तबकड्या. खाली ऑर्गनचे भाते. दांडा डावीकडे केला की एका बाजूच्या भात्यातली हवा खेचली जाई, दुसऱ्या बाजूचा फुगे आणि पेटी कले. आतल्या विद्यार्थ्यावर झाकण बंद करत. आत अंधार, तबकड्यांचा उजेड आणि कानाला लावलेल्या फोनवर शिक्षकाचा आवाज. बाहेर टेबलावर नकाशा पसरलेला, आणि त्यावर तीन चाकांचं एक यंत्र शाईची रेघ ओढत चालायचं. त्याच्या चालीवरून त्याला 'खेकडा' म्हणत. विद्यार्थी बाहेर आला की शिक्षक रेघेवर बोट ठेवून सांगे: तुला वाटलं तू सरळ आलास, आणि हे बघ, इथे तू गोल फिरत होतास.

सुरुवातीला लष्कराला यात रस नव्हता. लिंकने काही यंत्रं जत्रेतल्या खेळण्यासारखी मनोरंजनाच्या बागांना विकली. १९३४ चे मृत्यू झाल्यावर लष्कराचे अधिकारी नेवार्कच्या धावपट्टीवर त्याची वाट बघत थांबले. हवा इतकी खराब होती की तो येणार नाही असं धरून ते निघायच्या बेतात होते. तेवढ्यात ढगातून त्याचं विमान उतरलं. यंत्रं वाचत तो आला होता. जूनमध्ये लष्कराने सहा पेट्या घेतल्या, एकेक ३,५०० डॉलरला. महायुद्ध संपेपर्यंत अशा हजारो पेट्या बनल्या आणि पाच लाखांहून जास्त माणसं त्यांत बसून शिकली. आजच्या सिम्युलेटरची ती आजी.

आणि यंत्रच खोटं बोललं तर?

हा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि त्याचं उत्तर मुंबईच्या समुद्रात आहे. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचं 'एम्परर अशोका' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. किनारा मागे पडला, पुढे अरबी समुद्राचा काळोख. विमानाने उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि पुन्हा सरळ झालं. पण मुख्य वैमानिकासमोरचं कृत्रिम क्षितिज उजव्या कलातच अडकून राहिलं. बाहेर क्षितिज नव्हतं, अंग काही सांगत नव्हतं, आणि समोरची तबकडी म्हणत होती की अजून उजवीकडे कललेले आहोत. त्याने विमान डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. वांद्र्यासमोर विमान समुद्रात गेलं. २१३ माणसं होती, एकही वाचला नाही.

त्या कॉकपिटमध्ये कृत्रिम क्षितिजं तीन होती. सहवैमानिकासमोर एक आणि मध्ये राखीव एक. म्हणून 'यंत्रावर विश्वास ठेवा' हा धडा अर्धाच आहे. वैमानिकांना शिकवतात ते असं, की नजर एका तबकडीवर थांबू द्यायची नाही. क्षितिज, मग दिशा, मग उंची, मग वेग, पुन्हा क्षितिज. एक काटा कललेलं दाखवतो आणि दिशेचा काटा ढिम्म हलत नाही, म्हणजे दोघांपैकी एक खोटा. मग शेजाऱ्याच्या तबकडीला विचारायचं. बँकेत एकाने मोजलेली रोकड दुसरा पुन्हा मोजतो, तसं. काटे एकमेकांना तपासतात. कानाला तपासायला आत कुणीच नसतं.

आता ऑटोपायलट आहे ना?

मोठ्या प्रवासी विमानात आहे, आणि तिथे हे अपघात फार कमी झाले आहेत. प्रश्न राहिला आहे तो लहान विमानांचा, हेलिकॉप्टरचा आणि लष्करी उड्डाणांचा, जिथे जमिनीजवळ, डोंगरात, नजरेने उडावं लागतं आणि ढग वाटेत येतो. म्हणून आजही यंत्रांचं शिक्षण नसलेल्या वैमानिकाला ढगात शिरायला मनाई असते. पुढचं दिसेनासं व्हायच्या आत मागे फिर, असं त्याला पहिल्यापासून बजावतात. मागे फिरणं म्हणजे एक साधं अर्धवर्तुळ, पण तेही बाहेर काहीतरी दिसत असेपर्यंतच साधं.

लष्करी वैमानिकांना तर मुद्दाम फसवतात. बेंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत दिशाभ्रमाचा अनुभव देणारं सिम्युलेटर आहे. अशा सिम्युलेटरमध्ये हळू फिरवून, अचानक थांबवून, अंधारात ठेवून वैमानिकाला त्याचेच कान कसे फसवतात ते दाखवतात. तो काय वाटतंय ते सांगतो आणि मग तबकडीकडे बघतो. दोन्ही जुळत नाहीत. मग पुन्हा फिरवतात.